ऐकालोय की

अहो, मिक्सर अजून ओट्यावरच आहे. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "माळ्यावर टाका की त्यो. बघितला की तरास हुतोय तुमास्नी." मी टाकला नाही. तुम्ही गेल्यापासून लावलाही नाही. खोबरं किसून घालते, लसूण खलबत्त्यात ठेचते, आणि चव बिघडली तरी तक्रार करायला घरात कुणी नाही. तुम्ही होता तेव्हाही जेवणाची तक्रार कधी केली नाहीत म्हणा. तुमची तक्रार एकच होती आणि ती जेवणाची नव्हती.

"आगं, ऐकालीस न्हवं?"

"ऐकालोय की."

आपल्या कोल्हापूरच्या बावड्यात बाईमाणूससुद्धा 'आलो', 'गेलो'च म्हणतं, तसं मी 'ऐकतेय'च्या जागी 'ऐकालोय' म्हणायची आणि मिक्सरचं बटण फिरवायची. घर्रर्र. सगळ्या संसारात मी तुमच्याशी एवढं एकच खोटं बोलले, पण ते रोज बोलले.

भेटायला माणसं येतात. चहा नको म्हणतात आणि पितात. "देवमाणूस," म्हणतात, "पोरांच्यासाठी झिजला." मग एखादा पावणा विचारतो, "सर काय शिकवत हुतं?" दुसरा सांगतो, "हॉकी." "म्हंजे गवतावरची?" "न्हाय वो, बर्फावरची." पहिला इकडंतिकडं बघतो आणि मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारतो, "कोल्लापुरात बर्फ कुटं हाय?" हळू बोलायची आपल्याकडं रीतच नाही, त्यामुळं मला ऐकू येतं. तुम्ही असता तर ठेवणीतलं उत्तर काढलं असतंत, "रसाच्या गाड्यावर हाय की," आणि दुसऱ्यांच्या आधी स्वतःच हसला असता. परवा ते उत्तर मीच देऊन टाकलं. कुणी हसलं नाही. सुतकाच्या घरात हसावं की नाही, माणसांना कळत नाही.

तुम्ही शाळेत खेळाचे मास्तर. संध्याकाळी शाळेमागच्या सिमेंटवर पोरांना चाकाचे बूट घालून पळवायचात. ह्या चाकांवरच्या पोरांतनं एखादा बर्फावरच्या हॉकीत देशाच्या कुमार संघात जाऊ शकतो, असं तुमच्या डोक्यात कुणी भरवलं देव जाणे. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही. पाहुणे लग्नाची पत्रिका घेऊन यायचे आणि बर्फाची माहिती घेऊन जायचे.

मिरच्यांचं भांडण आठवतं का? ते आपलं अजून मिटलेलं नाही. वर्षाच्या चटणीच्या मिरच्या मी गच्चीवर वाळत घातल्या होत्या. तुम्ही बर्फाच्या कारखान्यातनं लाद्या टेम्पोत घालून आणल्यात आणि त्याच गच्चीवर मांडल्यात. का, तर पोरांना पात्याच्या बुटांची आणि बर्फाची ओळख व्हावी. पहिला पोरगा उभा राहिला आणि लादी मधोमध फुटली. तो एका तुकड्याबरोबर डावीकडं, त्याचा एक पाय उजवीकडं. पोरं हसून लोळली. एकच पोरगा हसला नाही. उचगावचा अल्ताफ. फुटलेले तुकडे घसरत माझ्या मिरच्यांकडं यायला लागले, तेव्हा तो मधे गुडघे टेकून बसला आणि एकेक तुकडा अंगावर अडवत राहिला. "ह्यो गोलकीपर," तुम्ही तिथंच ठरवून टाकलंत.

तुकडे अडले, पण पाणी अडलं नाही. सगळ्या मिरच्या भिजल्या. मी असं तोंड सोडलं की साखर कारखान्याच्या भोंग्यानं लाजावं. तुम्ही ओल्या मिरच्या वेचता वेचता म्हणालात, "एक गोष्ट कळली बघ. बर्फ वाटतोय तेवढा घट्ट नसतोय." मी म्हटलं, "आणि मी?" तुम्ही म्हणालात, "तू हाईस की." ह्याच्यावरचं उत्तर मला सुचलं तेव्हा तुम्ही गच्चीवरून खाली गेला होतात.

देशाच्या त्या संघाचा इतिहास कुठं नीट लिहून ठेवलाय का, मला माहीत नाही. तुमच्या तोंडून तो कैकदा निघाला आणि तो ऐकायला घरात मी एकटी होते. आज कुणी मला विचारलं तर मला काय सांगता येईल? लोडशेडिंगमध्ये सिनेमा बघावा तसं. सुरुवात माहीत, शेवट माहीत, मधे घर्रर्र.

"पयल्यांदा आपली पोरं भाईर खेळायला गेली न्हवं, तवा अंगावर घालायला..." घर्रर्र. "...ज्यांच्याकडनं उसनं घेतलं, त्यांनीच मग गोल मारलं!"

"लडाखची पोरं तळ्यावरच्या बर्फावर शिकल्याली. त्यास्नी मोठ्या मैदानाची कडंची फळी म्हंजे..." घर्रर्र. "...चेंडूच्या जागी असती ती चकती आपटून परत आली आन् पोरगं आ वासून बघालंय."

"आपला पयला गोल कसा झाला ठावं हाय? त्यो पोरगा..." घर्रर्र. "...हारलोच. पर एका गोलासाठी आख्खा संघ बर्फावर लोळालाय, समोरच्यांस्नी कळंना जिकलं कोण."

ज्यानं तो पहिला गोल मारला त्याचं नाव मधे होतं. ते मी खोबऱ्याबरोबर वाटून टाकलं.

एका गोष्टीला शेपूटच नव्हतं. "त्या साली संघ गेलाच न्हाय, कारण..." आणि मी मिक्सर बंद केला तेव्हा तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात. मी विचारायला हवं होतं. मी विचारलं, "भाकरी किती टाकू?"

आणि आपली पोरं पहिल्यांदा जिंकली तो दिवस. तोपर्यंत तुमच्या गुडघ्यांनी दगा दिला होता, तुमच्या हाताखालचं कुणी त्या संघात नव्हतं. तुम्ही व्हरांड्यात फोन घेऊन बसला होतात. चित्र सारखं अडकत होतं, तुम्ही फोनला शिव्या देत होता. मग एकाएकी तुम्ही रडायला लागलात. मी हातातली पळी घेऊन धावत बाहेर आले आणि विचारलं, "कोण गेलं?" तुम्ही नुसता फोन पुढं केलात. त्यात अनोळखी पोरं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. मी म्हटलं, "मेलं, मला वाटलं काय झालं," आणि आत गेले. आमटी उतू जात होती हे खरं आहे. पण आमटी काय, रोजच उतू जाते.

आता अल्ताफचं.

तो देशाच्या कुमार संघात निवडला गेला तेव्हा त्याचे वडील रिक्षांच्या सीट शिवायचे. त्यांनी रेक्झिन आणि फोम घेऊन पोराला पायाचे पॅड शिवून दिले होते, सरावाला. अस्सल रिक्षाची सीट, दोन्ही पायांना एकेक. तुम्ही संघाबरोबर मदतनीस म्हणून गेलात, सामान उचलायला. समोरच्या देशाचं नाव मला आजतागायत धड म्हणता येत नाही. तिथली पोरं म्हणे चालायच्या आधी बर्फावर घसरायला शिकतात. त्यांनी आपल्या पोरांचा भुगा केला.

तुम्ही परत आलात त्या दिवशी पोरं आपल्या घरी जमली होती. मी चुरमुऱ्यांचा भडंग केला होता. कुणीतरी गोलांचा आकडा सांगितला आणि सगळे गप्प झाले. मला ती शांतता सहन झाली नाही. मी स्वयंपाकघरातनं ओरडले, "गोलकीपर हाय का चाळण?"

सगळी पोरं फिस्सकन हसली. अल्ताफ सगळ्यात मोठ्यानं हसला. मला वाटलं, चला, वातावरण हलकं झालं. बाईमाणसाला आणखी काय हवं असतं, माझी थट्टा लागू पडली म्हणून मी खूश. अल्ताफ उचगावला पोचायच्या आधी ते नाव तिथं पोचलं. गल्लीत चाळण, शाळेत चाळण, पुढं वडिलांच्या दुकानात बसायला लागला तर रिक्षावाले म्हणायचे, "चाळणीकडनं सीट करून घे, सस्तात करतोय." तो परत कधी आपल्या सिमेंटवर आला नाही. तुम्ही उचगावला खेपा घातल्यात. तो सुई खाली न ठेवता म्हणायचा, "उद्या येतो सर."

त्या दिवशी पोरं गेल्यावर तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात. चिडला नव्हतात. चिडला असतात तर बरं झालं असतं, मी भांडून मोकळी झाले असते. तुम्ही म्हणालात, "चाळण म्हणालीस न्हवं? आगं, जोंधळं चाळतीस तवा..." मी मिक्सर लावला. बंद केला तेव्हा तुमचं शेपूट आलं, "...वर ऱ्हायलं त्येच मोजायचं असतंय."

मी म्हटलं, "व्हय व्हय. बाजूला व्हा, ताट घेऊ दे."

त्यानंतर कित्येक वर्षं तुम्ही ती मॅच मला सांगत राहिलात. टेबलाशी लसूण सोलत बसायचात, बोलायचात, आणि मधे मधे बोटाच्या पेरानं टेबल वाजवायचात. टक. थोडं बोलणं. टक. टक. मिक्सरच्या आवाजातसुद्धा ते ऐकू यायचं आणि माझं डोकं उठायचं. मला वाटायचं, मी मिक्सर बंद करावा म्हणून मुद्दाम चाललंय. "टेबल वाजवू नका," मी ओरडायची, "सालं उडाल्यात सगळीकडं!" तुम्ही सालं गोळा करायचात आणि परत टक.

त्या सकाळीही तेच चाललं होतं. पांढऱ्या रश्श्याचं खोबरं वाटायचं होतं. तुम्ही म्हणालात, "अल्ताफच्या त्या मॅचमधी, ऐकालीस न्हवं?" मी म्हटलं, "ऐकालोय की," आणि बटण फिरवलं. माझी पाठ तुमच्याकडं. टक टक ऐकू आलं, मी नेहमीसारखी कपाळाला आठी घातली. मग मिक्सर बंद केला आणि शेपूट आलं नाही. मला वाटलं, रुसलात. मी वळलेसुद्धा नाही. भांड्याच्या कडेचं खोबरं चमच्यानं खरवडत खरवडत म्हटलं, "रुसलात व्हय? बरं झालं, घटकाभर शांतता."

पुढचं तुम्हाला माहीत नाही आणि मला सांगायचं नाही. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला हाक मारायलाही वेळ मिळाला नसणार, मी वळले असते तरी उपयोग नव्हता. डॉक्टर चांगला माणूस आहे. त्याच्या घरीही मिक्सर असेल.

दिवसकार्य झाल्यावर एका दुपारी अल्ताफ आला. मी ओळखलं नाही. दाढीत पांढरं दिसायला लागलंय त्याच्या. खुर्ची दिली तर सतरंजीच्या टोकाला बसला. तिथनंच म्हणाला, "काकू, एक इचारायचं हुतं. रागाला येऊ नगा."

"इचार की."

"त्या मॅचमधी मी किती गोल खाल्लं त्ये समद्यांस्नी म्हाईत हाय. किती अडवलं त्ये सरांनी मोजलं हुतं. मला सांगाय दुकानात आलतं, एकदा न्हाय, कैक येळा. मी म्हणलं, सर, नगा काढू त्यो इषय. ऐकून घेतलं न्हाय मी." तो सतरंजीचे दोरे ओढत होता. "आता पोरगी इचारती, अब्बा, तुम्ही देशाकडनं खेळला, मग लोकं चाळण का म्हणत्यात? तिला सांगाय पायजे काय तरी. सरांनी तुमास्नी सांगितलं असंल की."

सांगितलं असंल की! अहो, तुम्ही सांगायचं म्हणजे किती सांगितलं असेल. तो माझ्याकडं असा बघत होता, जणू मी देव्हाऱ्यातनं काहीतरी काढून त्याच्या हातात ठेवणार आहे. मला 'माहीत नाही' म्हणता आलं नाही. डोक्यात एक आकडा होता. कधीचा होता. मला वाटलं, हाच असणार, नाहीतर माझ्या डोक्यात तो कशाला राहील. मी छातीठोकपणे सांगून टाकला.

अल्ताफ हसला. त्या दिवशी हसला होता तसाच.

"काकू," तो म्हणाला, "त्ये खाल्ल्यालं."

तो आकडा मी परत उच्चारणार नाही. एकदा बोलून बसले तेवढं पुरे. इतकी वर्षं तुम्ही वर राहिलेलं सांगत होता आणि मी नेमकं खाली पडलेलं तेवढं जपून ठेवलं होतं. तो चहा पिऊन गेला. जाताना माझ्याच पाया पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवस मी स्वतःशी भांडले. मग उठले आणि उचगावला गेले. दुकान हायवेला लागूनच आहे, तुम्हाला माहीतच आहे, खेपा तुम्हीच घातल्यात. अल्ताफ कात्रीनं रेक्झिन कापत होता. त्याची पोरगी कापडाच्या गठ्ठ्यावर अभ्यास करत बसली होती. मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं. बसले असते तर माझा धीर सुटला असता.

"अल्ताफ, मला आकडा म्हाईत न्हाय. सर रोज सांगत हुते, मी ऐकतच न्हवतो. मिक्सर लावून बसत हुतो. आणि चाळण मीच म्हणलं हुतं तुला."

"त्ये म्हाईत हाय की काकू. तिथंच बसलो हुतो मी."

"सर म्हणाले हुते, जोंधळं चाळताना वर ऱ्हायलं त्येच मोजायचं असतंय. एवढंच ऐकलंय मी. बाकी काय न्हाय माझ्याजवळ."

त्यानं कात्री खाली ठेवली. मला स्टूल दिलं. पोरीला पाणी आणायला सांगितलं.

"काकू, म्यापण मोजलं न्हाय," तो म्हणाला. "सुरवातीला खाल्ल्यालं मोजत हुतो. धाच्या फुडं सोडलं. सर माझ्या मागं उभं हुतं, जाळीच्या मागं काच असतीया न्हवं, तिच्या पल्याड. भाषा कळंना, गलका असा की कायबी ऐकू येईना. पर मी अडवला, की सर काचंवर वाजवायचं. बोटानं. खाल्ला की कायबी न्हाय, अडवला की टक. मग मी गोल बघायचंच सोडलं. फुडचं टक कवा येतंय, त्येवढंच ऐकत हुतो. त्याच्यावरच उभा ऱ्हायलो शेवटपतोर."

आणि त्यानं कापायच्या टेबलावर बोटाच्या पेरानं वाजवून दाखवलं. टक. टक.

अहो, तो आवाज मी ओळखला. माझ्या घरातला होता तो. लसणाची सालं उडवणारा. तुम्ही मला मिक्सर बंद करायला सांगत नव्हतात. तुम्ही अल्ताफनं अडवलेले गोल वाजवून दाखवत होता, एकही न विसरता, आणि मी दररोज ते सगळे ऐकत होते आणि तुमच्यावर खेकसत होते.

पोरगी पाणी घेऊन उभी होती. तिनं विचारलं, "अब्बा, किती येळा वाजलं?"

"लई."

"लई म्हंजे किती?"

"लई म्हंजे लई," अल्ताफ म्हणाला. पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "व्हय. लई. मी सोत्ता ऐकलंय." हे तरी खरं बोलले.

परत येताना रिक्षात बसले तर सीट नवी कोरी होती. बहुतेक त्याच्याच हातची. रिक्षावाला विचारत होता, बावड्यात कुठं सोडू, आणि मला घराचा पत्ता आठवेना. तुमच्या नावानं सांगायची सवय. "हॉकीच्या सरांच्यात," म्हटलं. तो म्हणाला, "बर्फाचं न्हवं? गेलं न्हवं का त्ये?" मी म्हटलं, "व्हय, गेलं."

अल्ताफला माझ्याकडनं जे द्यायचं होतं ते दिलं. थोडं होतं, पण दिलं. माझं मात्र सुटलं नाही. उचगावहून आले ते एक नवीनच घेऊन आले. त्या सकाळी मिक्सर चालू असताना जे टक टक झालं, ते काय होतं? अल्ताफनं अडवलेले गोल होते, की मला हाक होती? आवाज तोच. तुमच्याजवळ दुसरा आवाज उरला नसेल तर तुम्ही तेच वाजवलं असणार. पोराला तुम्ही काचेपलीकडनं उभं ठेवलंत. आणि तुम्ही टेबल वाजवलंत तेव्हा मी आठी घातली.

डॉक्टरला हे विचारता येत नाही. अल्ताफला विचारणार नाही. सासरी गेलेल्या आपल्या लेकीला सांगितलं तर ती म्हणेल, आई, वेड्यासारखं काहीतरी मनात आणू नकोस. तुम्हालाच विचारायचं आहे. तुम्ही खरं सांगाल. भिजलेल्या मिरच्या वेचतानासुद्धा तुम्ही मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलला नव्हतात.

आज पहिल्यांदा मिक्सरचं भांडं धुऊन त्यात खोबरं घातलं. तुमच्या जागेवर लसणाचा गड्डा ठेवला. बटण फिरवलं आणि लगेच बंद केलं. पाठ फिरवून नाही, तुमच्या खुर्चीकडं तोंड करून उभी आहे. सालं उडू देत, टेबल वाजू दे. पहिला गोल मारणाऱ्या त्या पोराचं नाव सांगा. त्या साली संघ का गेला नाही ते सांगा. मग त्या सकाळचं सांगा.

बोला. ऐकालोय.